चाळीस घोडे आणि एक जावई

सासुरवाडीकडून जावयाला काय काय मिळू शकतं, याची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. अंगठी, घड्याळ, अधिक महिन्यातले तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन आणि बाराही महिने सल्ला. मला हे सगळं यथासांग मिळालं. शिवाय एक इंजिन मिळालं. तेही जाम झालेलं.

आता इंजिन आणि मी, ही जोडी कुठल्याही ज्योतिषाने पत्रिका पाहून जुळवली नसती. मी बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून. यंत्रसृष्टीशी माझा संबंध स्टेपलरपाशी सुरू होतो आणि नोटा मोजायच्या मशीनपाशी संपतो. शाळेत अंतर्ज्वलन इंजिनाची आकृती काढून तिला नावं दिली होती. त्यातलं पिस्टनला 'दट्ट्या' म्हणतात एवढंच लक्षात राहिलं. कारण तो शब्द यंत्रापेक्षा आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना जास्त शोभतो, असं माझं तेव्हापासून मत आहे.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, वय वर्षं चौऱ्याऐंशी, मुक्काम कोल्हापूर, राजारामपुरी. गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. त्या काळी गाडी नोंदवायची आणि मग स्थळाची वाट पाहावी तशी काही वर्षं वाट पाहायची, अशी रीत होती. गाडी आली आणि त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या सौभाग्यवतीचा जन्म झाला. म्हणजे पद्मिनी हिच्याहून दोन वर्षांनी थोरली. नात्याने माझी मेव्हणी. सासुरवाडीत तिचा मानही तसाच होता. दसऱ्याला पहिलं कुंकू तिच्या बॉनेटला, मग बाकीच्यांना. घरात पाहुणे फार झाले की आमची ही पुस्तक घेऊन गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसे. तिची एसेस्सी अशी पद्मिनीतच झाली. आपल्याला एकोणऐंशी टक्के पडले, त्यातले निदान दहा तरी त्या सीटचे आहेत, असं ती अजून सांगते.

पुढे काचबिंदूने आप्पांची नजर अधू झाली आणि गाडी पडवीत उभी राहिली. 'उभी राहिली' हे आपलं म्हणायचं. अकरा वर्षांत चारही टायर बसले, पडवीचं छप्पर गळलं आणि त्याचं पाणी नेमकं बॉनेटच्या फटीतून आत गेलं. मांजरांच्या तीन पिढ्या तिथे जन्मल्या. आप्पा मात्र रोज सकाळी शेजारी खुर्ची टाकून पेपर ऐकत. आम्ही पेपर वाचून दाखवायचा, त्यांनी ऐकायचा आणि दोन बातम्यांच्या मध्ये मडगार्डवरून हात फिरवायचा.

हे असंच चाललं असतं. पण घर विकसनासाठी द्यायचं ठरलं. जुन्या घरावर मजले चढायचे, तोवर आप्पांनी आमच्याकडे राहायला यायचं आणि पाडव्याच्या आत जागा मोकळी करायची. मेहुण्याने पुण्याहून फोन करून सगळी व्यवस्था लावली. त्याची व्यवस्था मुद्देसूद असते. मुद्दा चौथा : गाडी भंगारात.

भंगारवाला आला. त्याने पद्मिनीकडे मुलगी पाहायला आल्यासारखं चारही बाजूंनी पाहिलं. पत्र्यावर बोटांनी टिचकी मारली. 'पत्रा भारी हाय,' म्हणाला आणि वजनावर भाव सांगितला. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, 'जावईबापू, ही ह्या दारातनं आली ती स्वतःच्या इंजिनावर आली. जायची ती स्वतःच्या इंजिनावर जाईल. ती गेल्याशिवाय मीही हलणार नाही.'

आप्पा ज्या खात्यात होते तिथे धरणाच्या भिंतींची कामं होतात, हे लक्षात घ्या. ते हलणार नाही म्हणाले की हलत नाहीत. मेहुण्याने फोनवर पुन्हा मुद्दे मांडले, आईंनी देव पाण्यात ठेवले, आणि आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं. बायकोच्या काही नजरा मंजुरीसाठी येतात आणि काही केवळ माहितीसाठी. ही दुसऱ्या प्रकारची होती.

मी आधी माझ्या पद्धतीने विचार केला. वाणिज्य शाखेचा मनुष्य संकटात सापडला की घसारा काढतो. समजा, गाडी चाळीस हजारांना घेतली. दरसाल १५ टक्के दराने, शिल्लक किमतीवर घसारा धरला, तर पंचेचाळीस वर्षांनी पुस्तकी किंमत उरते २६ रुपये आणि काही पैसे. मी तीनदा करून पाहिलं. म्हणजे ज्या मालमत्तेसाठी आप्पा घर सोडत नव्हते, तिच्यात दोन वडापावही धड येत नव्हते. हा आकडा मी हिला दाखवला. तिने तो कागद घेतला आणि त्याच्यावर वाण्याची यादी केली.

पहिला मेकॅनिक आला तो तरुण होता आणि घाईत होता. त्याने बॉनेट उघडलं, मिटलं आणि निकाल दिला : इंजिन संपलं. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं डिझेल इंजिन बसवू, आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. स्वस्तही पडेल. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचं चूक नव्हतं. कितीतरी फियाट पुढे डिझेलवर गेल्या, टॅक्सीवाल्यांनी गॅसवर नेल्या. आप्पांनी त्याला चहा दिला आणि काठी टेकत फाटकापर्यंत सोडायला गेले. आप्पा ज्याला फाटकापर्यंत सोडतात, त्याने पुन्हा येऊ नये अशी त्यांची इच्छा असते.

या सुमारास अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तो डेट्रॉइटजवळ असतो. त्याच्या शेजाऱ्याने १९६९ सालची डॉज चार्जर गराजमध्ये आडवी पाडली आहे आणि शनिवार-रविवारी तो तिचं इंजिन बांधतो आहे. अशा गाडीला तिकडे मसल कार म्हणतात; म्हणजे मध्यम चणीच्या गाडीत ट्रकला पुरेल एवढं इंजिन बसवायचं आणि सिग्नल सुटला की मागच्या टायरांचा धूर काढायचा. त्या चार्जरचं इंजिन ७.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं, ताकद ३७५ घोड्यांची. आमच्या पद्मिनीचं १०८९ सीसी, सिलिंडर चार, घोडे चाळीसेक. म्हणजे आमची साडेसहा इंजिनं एकत्र वितळवली तेव्हा त्यांचं एक. 'मामा, तुमची मसल कार नाही,' भाचा म्हणाला. मी म्हटलं, 'आमची अस्थी कार आहे. विसर्जन करायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.'

पण चौकशी करता एक गोष्ट अशी निघाली की डॉज आणि पद्मिनी अगदीच परक्या नाहीत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तेव्हा त्यांचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता आणि कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जात. फियाट नंतर आली. १९६४ पासून ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाची पद्मिनी. म्हणजे एकाच घरात आधी डॉज नांदली, मग पद्मिनी. आपल्याकडे एवढ्यावर दहाव्याच्या पंगतीत सुद्धा नातं काढतात.

भाच्याने आणखी एक सांगितलं आणि ते मात्र माझ्या थेट काळजाला भिडलं. तिकडे म्हणे जुन्या गाडीचं मोल रंगावर नसतं, चकाकीवर नसतं. इंजिनावर ठोकलेला आकडा आणि गाडीचा आकडा जुळतो की नाही, यावर असतं. जुळला तर ती गाडी. न जुळला तर ती नुसती गाडीसारखी गाडी.

वाचकहो, मी बावीस वर्षं बँकेत आहे. संध्याकाळी बाकीचं जग चहा पीत असताना, दोन रुपयांचा फरक सापडेना म्हणून आम्ही माना खाली घालून बसलेलो असतो. लोक हसतात. म्हणतात, दोन रुपये खिशातले घाला आणि घरी जा. त्यांना काय कळणार! प्रश्न दोन रुपयांचा नसतो, जुळण्याचा असतो. आणि इथे आप्पा इतके दिवस जे म्हणत होते, ते दुसरं काय होतं? त्यांनी 'स्वतःच्या इंजिनावर' म्हटलं आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हटलं. डेट्रॉइटहून तेच इंग्रजीत आलं तेव्हा मेहुणासुद्धा 'इंटरेस्टिंग' म्हणाला.

तेव्हा पहिलं काम ठरलं : आकडा तपासणे. कारण १९८९ साली इंजिनचं एकदा काम झालं होतं आणि त्या वेळी ब्लॉकच बदलला नसेल कशावरून, ही शंका भाच्याने सोडून दिली होती. आप्पांच्या ट्रंकेतून आर. सी. बुक निघालं. पुठ्ठ्याचं, शाईने लिहिलेलं. त्याच ट्रंकेतून वह्याही निघाल्या. १९७८ पासून गाडीत भरलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब आप्पांनी लिहून ठेवला होता : तारीख, लिटर, दर, रक्कम, किलोमीटर. अकरा वह्या. एकही खाडाखोड नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली. पण आपण योग्य घरात पडलो आहोत याचा इतका स्वच्छ पुरावा मला त्याआधी मिळाला नव्हता.

ब्लॉकच्या बाजूवर पाव इंच जाडीचं तेल-मातीचं लिंपण होतं. मी रॉकेलचं फडकं घेऊन बसलो. तासाभराने आकडे दिसू लागले. मग त्यावर खडू घासला आणि कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढला. ही लहर बुकातून जुळवायला घेतली. एकेक आकडा मी मोठ्याने वाचायचा आणि हिने बुकात पाहून 'हं' म्हणायचं. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. सगळे 'हं' नीट आले. शेवटच्या आकड्याला मी 'तीन' म्हटलं आणि 'हं' आला नाही.

'आठ आहे,' ही म्हणाली.

पडवीत कुणी बोललं नाही. मांजरसुद्धा थांबलं. आप्पांनी एवढंच विचारलं, 'नीट दिसतंय ना तुम्हाला?' ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याने असं विचारलं की आपल्याला दोन डोळे असल्याची लाज वाटते.

आता गिचमिड अक्षरातला तीन आणि आठ हा माझा रोजचा व्यवसाय आहे. लोक चेकवर काय काय आकडे काढतात, ते पाहून मी घडलो आहे. मी भिंग आणलं, टॉर्च तिरका धरला आणि दाढीच्या ब्रशने गंज झाडला. गंजाने डावीकडच्या दोन्ही कडा बुजवल्या होत्या. त्या हळूहळू उघड्या पडल्या. आठच होता. मी पुन्हा छाप काढला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि शेवटी 'आठ' म्हणालो. 'हं' आला तो दोघींचा आला, कारण मागे आई येऊन उभ्या होत्या. आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मडगार्ड पुसलं.

आता ब्लॉक आमचा हे सिद्ध झालं. तो फिरत नव्हता, एवढीच अडचण होती.

कोल्हापूरला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा उद्यमनगरात जाऊन यावं. इथे एका गल्लीत ओतकाम, दुसरीत लेथ, तिसरीत बोअरिंग, आणि प्रत्येक शेडच्या दारात एक मिस्त्री, ज्याला आपण जगातलं कुठलंही यंत्र करू शकतो याची खात्री असते. ती अगदीच अनाठायी नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' काढला होता. ज्या गावाने कॅमेरा घरी केला, त्याने फियाटच्या इंजिनाला का भ्यावं?

आम्हाला मिळालेले मिस्त्री सत्तरीचे होते. हातात पाना आणि कानाच्या पाळीवर बिडी. त्यांनी घाई केली नाही. आधी आप्पांना विचारलं, 'बंद पडायच्या आधी कशी चालत हुती?' एखाद्या निष्णात वैद्याने नाडीला हात लावण्यापूर्वी भूक, झोप विचारावी तसं. आप्पा पाऊण तास बोलले. मग मिस्त्रींनी चारही प्लग काढले, त्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि म्हणाले, 'आठ दिस हात लावायचा न्हाई.' नवव्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून आम्ही तिला पुढे-मागे, पुढे-मागे झोके दिले. मी, दोन पोरं आणि सुटी काढून आलेला आमचा शिपाई. पंधरा मिनिटं काही नाही. मग आतून 'टक्' असा एक आवाज आला. आप्पा खुर्चीतून म्हणाले, 'सुटली.'

साखळीच्या कप्पीने इंजिन बाहेर काढलं आणि ते टेम्पोत चढवून उद्यमनगरला निघालो. त्या टेम्पोला आपल्याकडे छोटा हत्ती म्हणतात. चाळीस घोडे हत्तीवरून निघाले आणि मागे सुट्या भागांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांचा जावई.

इंजिन उघडल्यावर बातमी फारशी चांगली नव्हती. सिलिंडर मुळात ६८ मिलिमीटर व्यासाचे. १९८९ साली ते एकदा घासून मोठे केले होते. त्याला बोअर करणं म्हणतात. भिंत झिजली की थोडी आणखी खरवडून गुळगुळीत करायची आणि त्या मापाचा जाड दट्ट्या बसवायचा. (शेवटी तो शब्द उपयोगी पडला.) आता पुन्हा बोअर करता आला असता, पण तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी साचून भिंतीला खोल खड्डे पडले होते. ते बोअरने जाणार नव्हते. तिथला बोअरिंगवाला म्हणाला, 'दुसरा ब्लॉक बघा, सायेब.' मी आकड्याचा कागद खिशात चाचपला.

मिस्त्रींनी बिडी कानावरून काढून पेटवली. मला वाटतं, महत्त्वाच्या निर्णयांसाठीच ती तिथे ठेवलेली असावी. म्हणाले, 'स्लीव्ह घालूया. चारीला.' म्हणजे काय, तर सिलिंडर आणखी मोठे करायचे, त्यांत बिडाच्या पातळ नळ्या दाबून बसवायच्या आणि त्या आतून पुन्हा बरोबर ६८ मिलिमीटरला आणायच्या. ब्लॉक तोच, माप कारखान्यातून आलं होतं ते. 'नंबर ऱ्हातोय, भिंत नवी,' ते म्हणाले. मला ताबडतोब पटलं. जुनं खातं बंद न करता आत नवं पान लावायचं, हे आम्ही रोज करतो. पण दाबताना ब्लॉकला तडा गेला तर? 'गेला तर गेला,' मिस्त्री म्हणाले. 'मग काय न्हाई.' हे मी घरी सांगितलं नाही. दोन दिवस मी बँकेत तिसऱ्या खिडकीवर बसून लोकांना त्यांच्याच शिल्लका सांगत होतो आणि कान फोनकडे होता. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींचा फोन आला. 'बसल्या,' एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. कोल्हापूरचे लोक भांडताना जेवढे शब्द वापरतात, तेवढे काम झाल्यावर वापरत नाहीत.

सामान आणायला मी मुंबईला गेलो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंगची चेन. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. पद्मिनी जन्मली कुर्ल्यात, तेव्हा मी तिच्या माहेरीच आलो होतो म्हणायचं. पण माहेर आता पूर्वीचं राहिलं नाही. पद्मिनी तयार होणं २००० सालाच्या आसपासच थांबलं आणि टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावर चढून धूळ बसलेला पिस्टनचा डबा काढला. पैसे मोजून घेतले, मग विचारलं, 'टॅक्सी है?' मी म्हटलं, 'नहीं, घर की है.' त्याने बेअरिंगच्या डब्यावर हात ठेवून पन्नास रुपये परत दिले. याची नोंद मी जमेच्या बाजूला केली आहे. त्या खात्यात जमेच्या बाजूला तेवढी एकच नोंद आहे.

मग बांधणी सुरू झाली. तिचं वर्णन करायला बसलो तर तुम्ही पान उलटाल. पण मला तिथे रोज संध्याकाळी जाऊन उभं राहायची चटक लागली, हे खरं. क्रँक घासून आला. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने गोल गोल फिरवून बसवले. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळायचे. एका बाजूने आवळत गेलं तर हेड वाकडं बसतं. आमच्या शाखेत बढत्या देताना ही पद्धत पाळली असती, तर बरीच हेडं सरळ राहिली असती. आणि ठिणगी पडण्याचा क्रम! मला वाटलं होतं, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मिस्त्री म्हणाले, 'एक, तीन, चार, दोन.' मी विचारलं, दोन नंबरवाल्याने काय पाप केलं? तर म्हणे ओळीने पेटवलं तर क्रँकला नीट तोल मिळत नाही. मध्ये अंतर टाकून पेटवायचं. तेव्हापासून कुणी खिडकीवर 'माझा नंबर आधी होता' म्हणून भांडू लागलं की मला मनातल्या मनात त्याला दोन नंबरचा सिलिंडर म्हणता येतं. राग येत नाही.

खर्चाचा आकडा मी इथे देत नाही. २६ रुपयांच्या मालमत्तेवर किती खर्च झाला, हे कुण्या लेखापरीक्षकाच्या वाचनात येऊ नये. मेहुण्याने एकदा फोनवर विचारला. मी त्याला २०२१ चा सरकारी नियम सांगितला : पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पद्मिनीला २०२८ मध्ये पन्नास पुरी होतील. 'मग विकता येईल चांगली,' तो म्हणाला. मी आप्पांना फोन दिला. आप्पांनी त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण त्या महिन्याच्या अखेरीस त्याने निम्मे पैसे पाठवले.

नवरात्राच्या आधी इंजिन गाडीत बसलं. चालू करायच्या दिवशी पडवीत अख्खी गल्ली. मिस्त्री स्टिअरिंगवर, आप्पा खुर्चीत, खुर्ची बॉनेटपासून दोन हातांवर. पहिल्यांदा नुसतंच कुरकुरलं. दुसऱ्यांदा एक फटाका आणि काळा ढग. मांजरांनी घर सोडलं ते कायमचं. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर तसूभर फिरवला. तिसऱ्यांदा ती जरा खोकली, आणि मग अकरा वर्षांची झोप झाल्यावर एखाद्या बाईने पदर सारखा करून कामाला लागावं, तशी चालू झाली. टाळ्या झाल्या. आईंनी नारळ फोडला. सगळे आप्पांकडे पाहत होते. आप्पांनी मान कलती करून मिनिटभर ऐकलं.

'तिसऱ्याचा टॅपेट वाजतोय,' ते म्हणाले.

मिस्त्री खाली उतरले. कव्हर काढलं, फिलर गेजची पट्टी घालून पाहिली आणि काही न बोलता स्क्रू पाव आटा फिरवला. मग कानावरची बिडी काढून त्यांनी आप्पांना दिली. आप्पांनी चाळीस वर्षांपूर्वी बिडी सोडली आहे. त्यांनी ती घेतली आणि खिशात ठेवली.

पुढची कागदपत्रं हा माझा प्रांत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, धूर तपासणी; फॉर्म भरण्यात कुणाला रस असेल तर भेटा. पाडव्याच्या दिवशी आप्पांचं सामान टेम्पोत गेलं आणि पद्मिनी फाटकाशी उभी राहिली. मी स्टिअरिंगकडे निघालो होतो. पण हिचा पदर आधीच खोचलेला होता. आमची ही कोल्हापूरची. एरवी माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते. पण आतून काही उसळलं की इथल्या बायकांच्या रीतीने पुल्लिंगात येते.

'सरका,' ती म्हणाली. 'मी चालवतो.'

आप्पा पुढे तिच्या शेजारी. मागे आई, पुण्याहून आलेला मेहुणा, मी, आणि मांडीवर देवांचा डबा. नवं बांधलेलं इंजिन पहिले हजारएक किलोमीटर दामटायचं नसतं, ही मिस्त्रींची ताकीद. त्यामुळे राजारामपुरीतून निघालो ते चाळिसाच्या आतच. मागे हॉर्न वाजत होते. एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन काही बोलायला तोंड उघडलं, आत पाहिलं, आणि 'मस्त हाय गाडी, काका,' म्हणून पुढे गेला. मेहुणा वाटेत एकदाच बोलला. 'ही सीट जरा लहान झाली का?' त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

वाटेत पेट्रोल घेतलं. आप्पांनी सदऱ्याच्या आतून एक कोरी वही काढली आणि मागे हात करून माझ्याकडे दिली. बारावी. मी पहिल्या पानावर रकाने आखले. तारीख, लिटर, दर, रक्कम, किलोमीटर. आप्पांनी मला सगळं मोठ्याने वाचायला लावलं.

'रक्कम जुळते?'

'जुळते.'

मग मी सवयीने खाली 'तपासले' असं लिहून सही केली.